ऐंशीचा गायक, विशीची गर्दी

रॉकचे जुने बँड आजच्या तरुण श्रोत्यांना भावतात का, या प्रश्नाला इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाने जून २०२५ मध्ये एकाच शनिवार-रविवारी चार उत्तरे दिली, आणि चारही एकमेकांशी न जुळणारी. शनिवारी संध्याकाळी कार्यक्रमपत्रिकेत ‘पॅचवर्क’ असे कुणी कधी न ऐकलेले नाव होते. प्रत्यक्षात मंचावर आला तो १९७८ मध्ये शेफील्ड शहरात सुरू झालेला पल्प हा बँड. गायक जार्विस कॉकर ६१ वर्षांचे. त्यांचे ‘कॉमन पीपल’ हे गाणे १९९५ चे. समोरच्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तरी गाणे मैदानाने मिळून म्हटले. त्याच रात्री मुख्य मंचावर ७९ वर्षांचे नील यंग उभे राहिले, तेव्हा मैदानात मोकळी जागा दिसत होती. तरुण मंडळी दुसऱ्या मोठ्या मंचाकडे, चार्ली एक्ससीएक्स या तरुण गायिकेच्या कार्यक्रमाला लोटली होती. रविवारी दुपारी ८० वर्षांचे रॉड स्टुअर्ट आले आणि तेच मैदान तुडुंब भरले. रात्री २२ वर्षांच्या ऑलिव्हिया रॉड्रिगोने ‘द क्युअर’चे ६६ वर्षांचे गायक रॉबर्ट स्मिथ यांना सोबत गायला बोलावले. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची दोन गाणी दोघांनी म्हटली आणि तिच्यासाठी आलेल्या पोरींनीही त्यांना साथ दिली.

म्हणजे निव्वळ वयावरून काही ठरत नाही. मग कशावरून ठरते, हे पाहायला ग्लास्टनबरी सोयीचे आहे, कारण तिथे प्रेक्षक एखाद्या बँडसाठी तिकीट काढत नाहीत. २०२५ च्या महोत्सवाची तिकिटे नोव्हेंबर २०२४ मध्ये तासाभराच्या आत संपली. तोवर कोण गाणार याची यादी जाहीरही झाली नव्हती. स्वतःच्या कॉन्सर्टमध्ये बँडसमोर त्याचे भक्तच बसलेले असतात. तिथली गर्दी काही सिद्ध करत नाही. महोत्सवात मात्र एकाच वेळी अनेक मंचांवर गाणे चालू असते, आणि आवडले नाही तर श्रोता उठून पलीकडे जातो. पायांनी दिलेले हे मत बरेच प्रामाणिक असते.

सॉमरसेट परगण्यातल्या वर्दी फार्म या दुभत्या जनावरांच्या शेतावर हा महोत्सव भरतो. मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने १९ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे जिमी हेंड्रिक्सच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, तो पहिल्यांदा भरवला. तिकीट एक पौंड, वर शेतावरचे दूध फुकट. सुमारे दीड हजार लोक आले. आज कलाकार, कामगार आणि प्रेक्षक धरून दोन लाखांहून अधिक माणसे त्या शेतात पाच दिवस तंबू ठोकून राहतात. पाऊस पडला तर गुडघाभर चिखल होतो आणि गमबूट घालून नाचावे लागते.

अभिजात संगीताच्या मैफलीत कलाकाराच्या वयाचा असा प्रश्न कुणी काढत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता ज्येष्ठ कलाकाराने करायची, ही रीतच पडली आहे. भीमसेन जोशी यांच्यानंतर तो मान प्रभा अत्रे यांच्याकडे आला, आणि त्यांचे वय हा आदराचाच भाग होता. रॉकचे तसे नव्हते. ते जन्माला आले तेच आईबापांना न आवडणारे संगीत म्हणून. ज्याच्या हातात गिटार आहे तो आपल्याच वयाचा असावा, ही अपेक्षा त्यात सुरुवातीपासून होती. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात गाणारे बहुतेक जण विशीतले होते. ४९ वर्षांचे पंडित रविशंकर त्या मंचावर अगदीच वडीलधारे ठरले.

तरीही म्हाताऱ्या कलाकारांवर तरुणांनी जीव टाकल्याचे एक उदाहरण वुडस्टॉकच्याही आधीचे आहे. अमेरिकेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला महाविद्यालयीन मुलांना जुन्या लोकसंगीताचे वेड लागले. त्यांच्यापैकी एकाने मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय गायकाच्या १९२८ मधल्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. त्यातल्या एका गाण्यात ॲव्हलॉन या गावाचे नाव आले होते. तेवढ्या धाग्यावरून तो मिसिसिपी राज्यातल्या त्या खेड्यात पोहोचला, तेव्हा हर्ट तिथेच शेतमजुरी करून राहत होते. १९६३ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात, वयाच्या सत्तरीच्या आसपास, त्यांनी हजारो विद्यार्थ्यांपुढे गाणे म्हटले आणि ते एका रात्रीत प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी स्किप जेम्स या आणखी एका जुन्या गायकाच्या बाबतीतही असेच घडले. मात्र या मुलांना हर्ट ‘जुने’ वाटलेच नव्हते. त्यांच्या लेखी तो नवा शोध होता, आणि स्वतः लावलेला शोध कुणाला शिळा वाटत नाही. हा मुद्दा पुढे पन्नासहून अधिक वर्षांनी मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा येतो.

मधल्या काळात वारे उलटे वाहिले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये पंक चळवळ उभी राहिली ती मोठ्या, श्रीमंत, दाढीमिशा पिकू लागलेल्या बँडविरुद्ध. ‘सेक्स पिस्टल्स’चा गायक जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘मला यांचा तिटकारा आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहून हिंडत असे. पिंक फ्लॉइडची मंडळी तेव्हा तिशीच्या आसपासची होती! जुन्यांना डायनोसॉर म्हणायची पद्धत याच सुमारास पडली. १९८८ मध्ये रेडिंगच्या महोत्सवात मीट लोफ या गायकावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि त्याला मंच सोडावा लागला. बॉनी टायलरलाही त्या वर्षी तोच प्रसाद मिळाला. दोघेही चाळिशीच्या आतबाहेरचे. गाणी लोकप्रिय होती, विक्रीही अफाट होती, पण त्या मैदानातल्या पोरांना ती आपली वाटत नव्हती.

हा ताठा नव्वदच्या दशकात सैल पडला, आणि त्यात ग्लास्टनबरीचा वाटा मोठा आहे. १९९४ मध्ये तिथे जॉनी कॅश गायले. वय ६२, अमेरिकी कंट्री संगीताचे जुने नाव, मधली काही वर्षे जवळपास अडगळीत गेलेली. त्याच वर्षी रिक रुबिन या तरुण निर्मात्याने त्यांच्याकडून नुसत्या गिटारवर गाऊन घेतलेला अल्बम निघाला होता. रुबिनचे नाव तोवर रॅप आणि हेवी मेटलशी जोडलेले होते, त्यामुळे मुलांनी कॅशकडे नव्या नजरेने पाहिले. १९९८ मध्ये टोनी बेनेट आले. ७१ वर्षांचे, सूट-टाय घातलेले. समोर चिखलाने माखलेली तरुणाई. तो प्रसंग विनोदी व्हायचा सगळा संभव होता, पण झाला नाही.

यातून रविवारच्या दुपारची एक जागा पक्की होत गेली. तिला आता दिग्गजांची जागा म्हणतात. शर्ली बॅसी, नील डायमंड, पॉल सायमन, केनी रॉजर्स, लायनेल रिची, डायना रॉस असे एकेक जण तिथे येऊन गेले. २०१४ मध्ये ६८ वर्षांच्या डॉली पार्टन आल्या आणि मैदान ओसंडले. २०१७ मध्ये ‘बी जीज’पैकी एकटे उरलेले बॅरी गिब आले, तेव्हा मंच आणि प्रेक्षक यांच्या मधल्या पट्ट्यात उभे असलेले सुरक्षारक्षकही ‘स्टेइंग अलाइव्ह’वर ओळीने, ठरवून बसवलेला नाच करू लागले. गर्दीतून सोनेरी चमकीचे एक जाकीट पुढे आले आणि सत्तरीच्या गिबनी ते अंगात घालून गाणे पुढे चालू ठेवले. डिस्को संगीताची एके काळी तरुण रॉक श्रोत्यांनी इतकी टर उडवली होती, की बी जीजचे नाव घेणेही कमीपणाचे वाटे. त्यांच्याच नातवंडांच्या वयाची मुले आता चमकीचे कपडे घालून आली होती.

ही वेळ हुशारीने निवडलेली आहे. चार रात्री जागून झालेल्या असतात, पाचव्या दिवशी अंग आंबलेले असते, ऊन असते, आणि दुसऱ्या मंचांवर तितके तोलामोलाचे काही नसते. नव्या संगीताकडे कान देऊन ऐकायची ताकद उरलेली नसते. पाठ असलेली गाणी ओरडून म्हणायला मात्र अंगात जोर असतो. शिवाय कलाकाराला साधारण सव्वा तास मिळतो. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीतून सव्वा तास काढायचा, तर पडेल गाणी आपोआप गळतात. जुन्या कलाकारांना यश मिळवून देण्यात त्यांच्या तेजाइतकाच या बंधनाचा हात आहे, हे चाहत्यांना फारसे आवडणार नाही, पण खरे आहे.

गाणी पाठ असतात, हे मात्र गृहीत धरता येत नाही. विशीतल्या मुलाला १९७१ चे गाणे पाठ कसे? याचे तीन मार्ग ठळक दिसतात. पहिला घरचा. आईवडिलांच्या गाडीत लहानपणापासून जी गाणी वाजतात, ती न ऐकताही ऐकली जातात. १९९५ मध्ये पल्पवर नाचलेली पिढी आता पालक आहे, आणि ग्लास्टनबरीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट पडत नाही. तेव्हा बरीच मुले हा महोत्सव बापाच्या खांद्यावर बसूनच पहिल्यांदा पाहतात.

दुसरा मार्ग पडद्याचा. २०२२ च्या मे महिन्यात ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेच्या चौथ्या पर्वात केट बुश यांचे १९८५ चे ‘रनिंग अप दॅट हिल’ वाजले. मालिकेतल्या एका मुलीचा जीव त्या गाण्यामुळे वाचतो. महिन्याभरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, मूळ प्रकाशनानंतर ३७ वर्षांनी. याच पर्वाच्या शेवटच्या भागात मेटालिकाचे १९८६ चे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ होते. आठ मिनिटांहून लांब, रेडिओवर कधी फारसे न वाजलेले हे गाणे अमेरिकेच्या पहिल्या शंभरांच्या यादीत तेव्हा प्रथमच आले. जुलैच्या अखेरीस शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात मेटालिकाने तेच गाणे घेतले आणि मागच्या पडद्यावर मालिकेतली दृश्ये दाखवली. चाळीस वर्षे मुरलेल्या बँडने पोरांच्या मालिकेचा आधार घेतला म्हणून काही जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. पण मेटालिकाचा हिशेब साधा होता: हे गाणे पहिल्यांदा मालिकेत ऐकलेला मुलगाही श्रोताच आहे. केट बुश यांनी मात्र एवढे यश मिळूनही मंचावर पाऊल टाकले नाही. त्यांचे शेवटचे जाहीर कार्यक्रम २०१४ मधले. गाणे तरुणांपर्यंत पोहोचायला गायकाने महोत्सवात हजर असावेच लागते असे नाही.

तिसरा मार्ग फोनचा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एका माणसाची गाडी रस्त्यात बंद पडली. तो स्केटबोर्डवर उभा राहून, बाटलीतून क्रॅनबेरीचा रस पीत, फ्लीटवुड मॅकच्या १९७७ च्या ‘ड्रीम्स’वर ओठ हलवत निघाला आणि तेवढी चित्रफीत त्याने टिकटॉकवर टाकली. ती इतकी फिरली की गाणे पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आले. स्ट्रीमिंगमुळे मुळात जुने आणि नवे यांतले अंतरच बुजले आहे. पूर्वी जुना अल्बम मिळवायला दुकाने पालथी घालावी लागत. आता १९६७ चे गाणे आणि कालचे गाणे एकाच बोटाच्या अंतरावर असतात. अमेरिकेत आज ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी ७० टक्क्यांहून अधिक ‘जुन्या’ प्रकारात मोडते, असे आकडे सांगतात. मात्र या मोजणीत अठरा महिने उलटलेले सारे जुने धरतात, त्यामुळे तो आकडा मिरवताना जपून. त्यात बीटल्स आहेत तशीच दोन वर्षांपूर्वीची टेलर स्विफ्टही आहे.

तिन्ही मार्गांनी पोहोचते ते गाणे, बँड नव्हे. जुन्या कलाकारांची तरुणांपुढची पंचाईत नेमकी इथे आहे. श्रोत्याला एखाद्या बँडची चार गाणी जिवापाड आवडतात आणि उरलेल्या दीडशेंची त्याला कल्पना नसते. ज्याला हे उमगते तो जिंकतो. पॉल मॅकार्टनी यांना ते पुरते उमगले आहे. २५ जून २०२२ रोजी ते ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर आले, तेव्हा त्यांना ८० पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. मुख्य कार्यक्रम करणारा तिथला तो सर्वांत वयस्क एकल कलाकार. आदल्याच रात्री त्या मंचावर २० वर्षांची बिली आयलिश गाऊन गेली होती, ती सर्वांत लहान. मॅकार्टनी गर्दीशी थट्टा करत म्हणाले, की बीटल्सचे गाणे लागले की फोन उजळून तारांगण होते आणि नवे गाणे घेतले की समोर काळोख पसरतो. तरी आम्ही नवी गाणी घेणारच. घेतलीही, पण जपून, दोन बीटल्स गाण्यांच्या मध्ये दडवून. पावणेतीन तासांच्या त्या कार्यक्रमात ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि डेव्ह ग्रोल येऊन गेले. पीटर जॅक्सन यांच्या माहितीपटातल्या जुन्या चित्रणातून जॉन लेनन यांचा आवाज वेगळा काढला होता. पडद्यावरच्या लेननबरोबर मॅकार्टनी प्रत्यक्ष गायले. आवाज थकला होता, वरचे सूर निसटत होते. कुणी हिशेब मांडला नाही, कारण कडवी बहुतेक वेळ मैदानच म्हणत होते.

सामुदायिक गाण्याचा हा फायदा वयस्क कलाकारांना फार मोठा मिळतो. पट्टी खाली उतरवता येते, मागे चार चांगले साथगायक ठेवता येतात, आणि गळा दमेल तिथे माइक प्रेक्षकांकडे वळवता येतो. साठीनंतरचे बहुतेक गायक यातले काही ना काही करतात. त्यात लबाडी नाही.

अपयशाची उदाहरणेही बोलकी आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात ब्लर हा ब्रिटिश बँड गात होता. ‘गर्ल्स अँड बॉईज’ या १९९४ च्या गाण्याला गायक डेमन अल्बर्न यांनी प्रेक्षकांना साथ मागितली, मिळाली नाही. वैतागून त्यांनी, आम्ही तुम्हाला पुन्हा दिसणार नाही, निदान आता तरी म्हणा, असे सुनावले, तेही एका शिवीसकट. नऊ महिन्यांपूर्वीच, जुलै २०२३ मध्ये, याच बँडने लंडनचे वेम्बली स्टेडियम सलग दोन रात्री भरवले होते. गाणी तीच, माणसे तीच. फरक एवढाच की ब्रिटनमध्ये ब्लर घराघरांत वाजले, आणि अमेरिकेत त्यांचे ‘साँग टू’ सोडले तर फारसे काही रुजलेच नाही. अमेरिकेतल्या विशीच्या पोराला ते आईवडिलांकडून मिळणार कुठून? ओरडा खाणाऱ्या प्रेक्षकांचा यात दोष नव्हता. जे कधी दिलेच नाही ते मागून मिळत नाही.

पुढच्याच वर्षी कोचेलात बेन्सन बून या २२ वर्षांच्या गायकाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घेतले आणि क्वीनचे ७७ वर्षांचे गिटारवादक ब्रायन मे यांना मंचावर आणले. गाणे सगळ्यांच्या ओळखीचे, पण वाजवणारा कोण हे बऱ्याच जणांच्या लक्षात आले नाही. प्रतिसाद इतका बेताचा होता की बूनने नंतर टिकटॉकवर त्याची थट्टा केली. क्वीनवरचा २०१८ चा चित्रपट जगभर चालला, त्यातून फ्रेडी मर्क्युरीचा चेहरा मुलांच्या मनात ठसला, मे यांचा तितका नाही.

नील यंग यांचे प्रकरण वेगळे. त्यांना गर्दी खेचायची फारशी इच्छाच नसते. २०२५ मध्ये त्यांनी सुरुवात केली ती एकट्याने, गिटार आणि माउथऑर्गन घेऊन, ‘शुगर माउंटन’ने. विशी ओलांडायच्या दुःखावरचे हे गाणे त्यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी लिहिले होते. पुढे लांबलचक गिटारवादन, अनोळखी गाणी, प्रेक्षकांशी बोलणे जवळपास नाहीच. समीक्षकांनी वाखाणले. पलीकडच्या मंचावर चार्ली एक्ससीएक्स बँडशिवाय, एकटी, आदल्या वर्षी गाजलेला ‘ब्रॅट’ अल्बम गात होती आणि तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मात्र यावरून तरुण कलाकार म्हणजे हमखास गर्दी, असेही म्हणता येत नाही. २०२४ मध्ये शेवटच्या रात्री सिझा या तिशीतल्या लोकप्रिय गायिकेसमोर मैदान विरळ होते, आणि आदल्या रात्री पाचव्यांदा मुख्य कार्यक्रम करणाऱ्या कोल्डप्लेसमोर मुंगीला शिरायला वाव नव्हता.

आयोजकांनाही जुने बँड लागतात, त्याचे कारण भक्तीपेक्षा व्यवहाराचे आहे. लाखभर लोकांना दोन तास धरून ठेवतील अशी नावे मोजकी आहेत. नव्या पिढीतले सर्वांत मोठे तारे स्वतःच्या स्टेडियम दौऱ्यांतून कितीतरी अधिक कमावतात, तेव्हा दुसऱ्याच्या महोत्सवात एक रात्र गाण्याची त्यांना गरज नसते. शिवाय बँड हा प्रकारच रोडावला आहे. चार मित्र वर्षानुवर्षे एकत्र सराव करणार, भाड्याच्या गाडीतून गावोगाव हिंडणार, ही चैन आज परवडत नाही. एक मुलगी आणि एक लॅपटॉप यांच्यावर अल्बम होतो. त्यामुळे ड्रम-गिटारचा दणदणाट हवा असेल तर आयोजकाला बरेचदा चाळीस वर्षे मागे जावे लागते. कोचेलाच्या आयोजकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच जागेवर ‘डेझर्ट ट्रिप’ नावाचा फक्त जुन्यांचा महोत्सव भरवला: रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन, मॅकार्टनी, नील यंग, द हू आणि रॉजर वॉटर्स. लोकांनी त्याला ‘ओल्डचेला’ म्हणून चिडवले, पण दोन आठवडाअखेरींच्या तिकिटांतून सुमारे १६ कोटी डॉलर जमले. तो पैसा मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या खिशांतला होता. जुन्या बँडची कमाई आणि त्यांचे तरुणांमधले स्थान या दोन गोष्टींची गल्लत होते ती इथे.

चतुर कलाकार तरुणांचाच हात धरतात. नाइल रॉजर्स साठीला आले असताना २०१३ मध्ये डाफ्ट पंकबरोबरचे ‘गेट लकी’ जगभर वाजले, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा जुना ‘शीक’ हा बँड ग्लास्टनबरीत झळकला. एल्टन जॉन यांनी जून २०२३ मध्ये ब्रिटनमधला निरोपाचा कार्यक्रम तिथेच केला. पाहुणे म्हणून समवयस्कांची फौज आणणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी बोलावले ते रिना सावायामा आणि स्टीव्हन सांचेझ यांच्यासारख्या नव्यांना. बीबीसीवर तो कार्यक्रम ७० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. रॉड्रिगो आणि स्मिथ यांच्या बाबतीत हात धरणारी तरुण होती, एवढाच फरक.

भारतात या चित्राला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य बँड इथे मुळातच उशिरा आले. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा तेव्हा महाविद्यालयीन बँड परदेशी गाणीच वाजवत, आणि मूळ बँड प्रत्यक्ष पाहायला मिळेल अशी आशा कुणी धरत नसे. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा ते चाळीस वर्षांचे जुने होते. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. बँड १९७५ चा, समोर काळे टी-शर्ट घातलेली विशीतली पोरे. इथल्या श्रोत्याला तो बँड जुना वाटायला त्याचा तरुणपणीचा कार्यक्रम आधी कुणी पाहिलेला असायला हवा ना! महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझाच्या भारतीय आवृत्तीत २०२४ मध्ये ७२ वर्षांचे स्टिंग गायले, २०२५ मध्ये ग्रीन डे आला, आणि त्याच मैदानावर मे महिन्यात गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला. ग्रीन डेसमोर नाचणाऱ्यांत २००४ च्या ‘अमेरिकन इडियट’वर वाढलेले पस्तिशीतले नोकरदार होते आणि रीलवर तेच गाणे ऐकलेली अकरावी-बारावीची मुलेही. दोघांचीही ती त्या बँडशी पहिलीच भेट होती.

जुने कुणाला म्हणायचे, याची रेषा दरम्यान पुढे सरकत आहे. ग्लास्टनबरीच्या दिग्गजांच्या जागेवर २०१९ मध्ये कायली मिनोग आल्या आणि २०२४ मध्ये शनाया ट्वेन, ज्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम १९९७ चा आहे. आर्क्टिक मंकीजने २००७ मध्ये तिथे पहिल्यांदा मुख्य कार्यक्रम केला तेव्हा त्यांचा गायक अॅलेक्स टर्नर २१ वर्षांचा होता. २०२३ मध्ये ते तिसऱ्यांदा आले, तोवर तो ३७ चा झाला होता, आणि पहिल्या रांगांत उभी असलेली काही मुले २००७ मध्ये जेमतेम रांगत होती.